काचपट्टी, संगणक आणि स्वाक्षरी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



"बायोप्सीचा अहवाल आठ-दहा दिवसांनी मिळेल," हे वाक्य ज्या घराने एकदा ऐकले आहे, त्या घराला त्या दिवसांची लांबी निराळी समजावून सांगावी लागत नाही. शस्त्रक्रिया झालेली असते, जखम भरत असते, नातेवाईक येऊन धीर देऊन जात असतात. पण घरातील कोणीही पुढचा बेत आखीत नाही. सारे काही एका कागदावर अडलेले असते. तो कागद हाती येतो तेव्हा त्यावरील बहुतेक शब्द घरच्यांना कळत नाहीत. तळाशी एक स्वाक्षरी असते. ती करणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाने कधी पाहिलेले नसते आणि बहुधा त्यांनीही रुग्णाचा चेहरा पाहिलेला नसतो. तरीही पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही, औषध कोणते आणि किती काळ द्यायचे, हे सारे त्यांनी लिहिलेल्या दोन-तीन ओळींवर ठरते.

हे डॉक्टर म्हणजे विकृतिशास्त्राचे तज्ज्ञ, अर्थात पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाशेजारी आता संगणक येऊन बसला आहे. हा संगणक केवळ अहवाल टंकलिखित करून देणारा राहिलेला नाही; तो काचपट्टी स्वतः पाहू लागला आहे. या बदलातून रुग्णाच्या पदरात काय पडेल, काय पडणार नाही आणि समाजाच्या संस्थांनी त्यासाठी कोणती तयारी ठेवावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बाटलीपासून काचेपर्यंत

यंत्राचा विचार करण्यापूर्वी अहवाल तयार कसा होतो, हे पाहणे इष्ट ठरेल. शरीरातून काढलेला तुकडा ताबडतोब फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवावा लागतो. नाहीतर तो कुजू लागतो. प्रयोगशाळेत त्यातील पाणी काढून त्या जागी वितळलेले मेण भरतात, त्याचा ठोकळा बनवतात आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या धारदार पात्याने त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस छेद सहज मावतील. हा छेद कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर अलगद उचलला जातो. तो जवळजवळ रंगहीन असतो, म्हणून त्याला रंगवावे लागते. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणारे द्रव्य पेशींच्या केंद्रकांना निळा-जांभळा रंग देते. इओसिन उरलेल्या भागाला गुलाबी करते. या दोन रंगांच्या भाषेत पेशी आपली हकिकत सांगतात.

ही भाषा वाचण्याच्या शास्त्राचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. रोग हा सबंध शरीरात भरलेल्या कुठल्या तरी रसाचा दोष नसून त्याचे मूळ पेशींमध्ये असते, असे बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिरचो यांनी १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत मांडले. तेव्हापासून आजतागायत कर्करोगाचा अंतिम निर्णय बहुतांशी काचपट्टीवरच होत आला आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन ही सारी साधने गाठ कोठे आहे आणि केवढी आहे हे दाखवतात. ती कसली आहे, हे मात्र काचपट्टी सांगते.

यंत्राची पहिली पायरी

या क्षेत्रात यंत्र प्रथमच येत आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांपूर्वी गावोगावच्या प्रयोगशाळांत रक्तातील पेशी काचेवर आखलेल्या चौकटींमध्ये डोळ्यांनी मोजल्या जात. सकाळच्या रांगेतील तिसाव्या रुग्णाच्या पेशी मोजताना तंत्रज्ञाचे डोळे थकलेले असत आणि एकाच रक्ताची दोनदा केलेली मोजणी क्वचितच जुळे. अमेरिकेतील वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली एका साध्या युक्तीचे एकस्व मिळाले. अतिशय बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जाऊ द्यावी आणि ती जाताना विजेच्या प्रवाहात होणारा क्षणिक अडथळा मोजावा, एवढीच ती युक्ती. आज तालुक्याच्या ठिकाणी मिळणारा 'सीबीसी'चा कागद ज्या यंत्रांतून बाहेर पडतो, त्यांतील अनेकांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

या यंत्राने पॅथॉलॉजिस्टला घरी बसवले नाही. हजारो पेशींची मोजणी यंत्र करते. पण एखादी पेशी नेहमीच्या आकाराची नाही असे आढळले, की ते अहवालावर खूण करते आणि मग रक्ताचा थेंब काचेवर पसरून माणूस तो पाहतो. मोजावे यंत्राने आणि संशय आला की पाहावे माणसाने, ही कामाची वाटणी गेली कित्येक दशके चालत आली आहे. आता प्रश्न असा आहे, की पाहण्याचे कामही यंत्र करू लागले तर ही वाटणी कशी बदलेल?

काचपट्टीचे चित्र

पाहण्यासाठी संगणकाला काच नको, चित्र हवे. हे काम स्लाइड स्कॅनर करतो. तो काचपट्टीची बारीक बारीक छायाचित्रे घेऊन ती जोडतो आणि एकसंध चित्र तयार करतो. त्याचा एक बिंदू म्हणजे ऊतीचा पाव मायक्रॉन, असे मानले तर पंधरा मिलिमीटर लांबी-रुंदीच्या छेदाच्या चित्रात ६०,००० गुणिले ६०,००० म्हणजे ३६० कोटी बिंदू होतात. एका रुग्णाच्या दहा-वीस काचपट्ट्या असू शकतात. एवढी चित्रे साठवायला आणि पाठवायला सोय लागते, आणि ती फुकट होत नाही.

परंतु चित्र झाले की अंतर नाहीसे होते. दूर बसून काचपट्टी पाहण्याच्या या पद्धतीला 'टेलीपॅथॉलॉजी' हे नाव अमेरिकेतील डॉ. रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी १९८६ साली दिले. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील लहान रुग्णालयांत पॅथॉलॉजिस्ट नव्हते. तेथे १९९० च्या सुमारास अशी सेवा सुरू झाली. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच शेकडो किलोमीटरवरील तज्ज्ञ पडद्यावर छेद पाहून शल्यविशारदाला सल्ला देऊ लागले. तरीही नेहमीच्या निदानासाठी काचेऐवजी चित्र पाहणे पुरेसे आहे, हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका संपूर्ण संचाला पहिली परवानगी दिली ती २०१७ च्या एप्रिलमध्ये.

भारतासारख्या देशात या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे. लहान गावात एकटाच पॅथॉलॉजिस्ट असतो. दुर्मीळ गाठ समोर आली, की त्याला विचारायला शेजारी कोणी नसते. मग काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा घेऊन रुग्णाचा मुलगा रात्रीच्या गाडीने मुंबई किंवा पुणे गाठतो. काचपट्टी वाटेत फुटण्याची भीती असते, आणि ठोकळा हरवला तर दुसरा मिळत नाही. चित्र मात्र दहा ठिकाणी एकाच वेळी पाहता येते. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे आज देशभरातील तीनशेहून अधिक संस्थांना जोडते. मोठ्या केंद्रातील अनुभव लहान केंद्रापर्यंत पोहोचवण्याची वाट अशा जाळ्यांतूनच जाते. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही. चांगला स्कॅनर, चांगली जोडणी आणि पलीकडे वेळ देणारा माणूस एवढे पुरते.

संगणक शिकतो कसा

आता अल्गोरिदमकडे वळू या. अल्गोरिदम म्हणजे काम पायरीपायरीने करण्याची ठरवून दिलेली रीत. पूर्वी संगणकाला नियम सांगावे लागत: केंद्रक अमुक मापापेक्षा मोठे असेल तर संशय घ्यावा, रंग अमुक गडद असेल तर खूण करावी. आजची पद्धत निराळी आहे. ज्यांचे निदान आधीच झाले आहे अशी हजारो चित्रे संगणकाला दाखवतात. तो अंदाज करतो, चुकतो आणि चूक कळली की आपल्या आतील गणिताचे आकडे थोडे बदलतो. असे लक्षावधी वेळा घडते. नियम कोणी सांगत नाही. ते संगणक स्वतःच बसवतो, आणि नेमके कोणते बसवले हे पुष्कळदा शिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याचा परिणाम किती होतो, हे नेदरलँड्समधील एका प्रसिद्ध स्पर्धेत दिसले. स्तनाचा कर्करोग काखेतील लसिका ग्रंथींत पोहोचला आहे की नाही, हे ओळखण्याचे काम होते. २७० काचपट्ट्यांवर शिकवलेल्या निरनिराळ्या अल्गोरिदमांची परीक्षा १२९ नव्या काचपट्ट्यांवर घेण्यात आली. तोच संच अकरा पॅथॉलॉजिस्टनाही दिला गेला, आणि दैनंदिन कामाची घाई लक्षात घेऊन त्यांना सुमारे दोन तासांची मुदत होती. अचूकतेच्या एका निर्देशांकावर, जेथे १ म्हणजे निर्दोष आणि ०.५ म्हणजे नाणे उडवून दिलेला कौल, सर्वोत्तम अल्गोरिदमला ०.९९४ आणि पॅथॉलॉजिस्टना सरासरी ०.८१० गुण मिळाले. २०१७ च्या डिसेंबरात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा यंत्राने डॉक्टरांना हरवले, अशी हाकाटी झाली.

त्याच अभ्यासातील दुसरी नोंद मात्र फारशी कोणी वाचली नाही. आणखी एका पॅथॉलॉजिस्टला वेळेचे बंधन नव्हते. त्यांनी तोच संच सुमारे तीस तास घेऊन पाहिला आणि त्यांना ०.९६६ गुण मिळाले. म्हणजे माणसाच्या डोळ्यांत उणीव होती त्याहून अधिक ती वेळेत होती. घाईत निसटतात त्या गोष्टी बहुधा अगदी लहान असतात: शेकडो निरोगी पेशींच्या गर्दीत दडलेला कर्करोगाच्या पेशींचा एखादा पुंजका. यंत्राला कंटाळा नाही आणि संध्याकाळही नाही. त्याने तो पुंजका दाखवावा आणि माणसाने तो निरखून निर्णय द्यावा, ही मांडणी येथून पुढे आली.

२०१९ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील संशोधकांनी १५,१८७ रुग्णांच्या ४४,७३२ काचपट्ट्यांवर काम करून दाखवले. प्रत्येक चित्रात कर्करोग कोठे आहे हे रेखाटून न देता, केवळ अंतिम अहवालाच्या आधारेही संगणक शिकू शकतो, हे त्यात दिसून आले. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या बायोप्सीसाठी अशा एका प्रणालीला परवानगी मिळाली. त्या वेळी सादर झालेल्या अभ्यासात सोळा पॅथॉलॉजिस्टनी ५२७ चित्रे प्रथम एकट्याने आणि मग यंत्राच्या मदतीने पाहिली. मदतीमुळे कर्करोग ओळखण्याचे प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी वाढले. येथे दाखवणारे यंत्र आहे, सांगणारा पॅथॉलॉजिस्टच आहे.

मोजण्याचे काम तर यंत्राने घ्यावे हेच बरे. स्तनाच्या कर्करोगात पेशींवरील 'हर-टू' या प्रथिनाला रंगवून शून्य ते तीन असे गुण देतात. पूर्वी शून्य आणि एक यांत उपचाराच्या दृष्टीने फरक नव्हता, म्हणून तो कोणी फार कसोशीने करीतही नसे. २०२२ साली एका नव्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि ज्या रुग्णांना 'एक' गुण होता त्यांनाही त्याचा लाभ होतो असे दिसले. आता दहा टक्क्यांहून अधिक पेशींवर पुसटसा रंग आहे की नाही, एवढ्यावर एका स्त्रीचा उपचार अवलंबून राहू लागला. अशा पुसट सीमेवर दोन अनुभवी डॉक्टरांचेही मत निराळे पडते. मानवी डोळा आकृती ओळखण्यात पटाईत असला, तरी दहा टक्के आणि बारा टक्के यांतील फरक त्याला सांगता येत नाही. येथे संगणकाची शिस्तबद्ध मोजणी निश्चितच उपकारक ठरेल.

पाठांतर आणि समज

गुण सांगितले, आता दोषही पाहिले पाहिजेत. २०१५ साली अमेरिकेत एक गमतीदार वाटणारा पण गंभीर प्रयोग प्रसिद्ध झाला. कबुतरांना स्तनाच्या ऊतींची चित्रे दाखवण्यात आली. योग्य ठिकाणी चोच मारली की दाणा मिळे. सुमारे दोन आठवड्यांत ती ८५ टक्के चित्रे बरोबर ओळखू लागली आणि कधीही न पाहिलेली चित्रेही त्यांना ओळखता आली. मग त्यांना मॅमोग्राफीतील गाठींची अधिक अवघड चित्रे दिली गेली. शिकवलेली चित्रे त्यांनी काही आठवड्यांत ओळखली, पण नवी चित्रे दिल्याबरोबर ती गोंधळली. त्यांनी गाठ ओळखायला शिकण्याऐवजी चित्रे पाठ केली होती.

संगणकाच्या बाबतीत हीच भीती आहे. प्रत्येक प्रयोगशाळेचा रंग थोडा वेगळा, छेदाची जाडी वेगळी, स्कॅनर वेगळा. शिकागोच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले, की कर्करोगाच्या चित्रांच्या एका मोठ्या जागतिक संग्रहातील काचपट्टी कोणत्या रुग्णालयातून आली, हे अल्गोरिदम केवळ चित्रावरून ओळखू शकतो. म्हणजे रोगाऐवजी रुग्णालयाची खूण शिकूनही तो परीक्षेत उत्तम गुण मिळवू शकेल. आणि दुसऱ्या रुग्णालयात नेला की त्याचे पितळ उघडे पडेल. परदेशातील काचपट्ट्यांवर पहिला आलेला विद्यार्थी इथल्या काचपट्टीवर उत्तीर्ण होईलच, असे समजणे धोक्याचे आहे. त्याची इथे पुन्हा परीक्षा घेतली पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. काचपट्टीवर सगळे नसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रयोगशाळेची धुरा वाहिलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. गाठ तोंडात नेमकी कोठे आहे आणि तो माणूस तंबाखू कशी खातो किंवा ओढतो, या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा विचार त्या काळच्या कामातून पुढे आला. गालातील गाठीची काचपट्टी कितीही वेळ पाहिली, तरी गालात दाबून ठेवलेली तंबाखू तिच्यात दिसत नाही. त्यासाठी विचारावे लागते. चांगला पॅथॉलॉजिस्ट शल्यविशारदाला दूरध्वनी करतो, रुग्णाचे वय आणि जुने आजार विचारतो आणि शंका असेल तर "नमुना अपुरा आहे, पुन्हा पाठवावा" असे लिहिण्याचे धैर्य दाखवतो. "मला ठाऊक नाही" हे सांगणे हाही निदानाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट सवयीची. पोलंडमधील चार केंद्रांत आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना डॉक्टरांच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्ता देण्यात आली. त्यानंतर यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. हा अभ्यास काचपट्टीचा नाही आणि एकाच अभ्यासावरून अंतिम मत बनवू नये. पण इशारा स्पष्ट आहे. आकडेमोडीच्या यंत्रामुळे पाढे विसरले तर फारसे बिघडत नाही. निदान करणारा डोळा विसरला, तर यंत्राची चूक पकडायला कोणी उरणार नाही.

धाराशिवचा धडा

या संदर्भात महाराष्ट्रातील एका मोठ्या कामाची आठवण ठेवली पाहिजे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले होते: एका गटाला पेशींची पॅप तपासणी, दुसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, तिसऱ्याला एचपीव्ही या विषाणूची चाचणी आणि चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींत अशी लक्षणीय घट दिसली नाही.

पॅप तपासणीत प्रत्येक काचपट्टीवर प्रशिक्षित डोळा लागतो. एचपीव्ही चाचणीचा निकाल यंत्र मोजून देते, म्हणून तो पाहणाऱ्याच्या थकव्यावर किंवा अनुभवावर अवलंबून राहत नाही. यंत्राच्या बाजूचा हा भक्कम पुरावा याच मातीतला आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. त्या स्त्रियांचे प्राण केवळ यंत्राने वाचवले नाहीत. गावोगाव जाऊन त्यांना समजावणाऱ्या आरोग्यसेविका होत्या, नमुना नीट घेणारे हात होते, दोष निघालेल्या स्त्रीला पुढील तपासणीपर्यंत आणि उपचारापर्यंत नेणारी व्यवस्था होती. निकाल हाती आल्यावर पुढे काहीच घडले नसते, तर तो कागद कितीही अचूक असून व्यर्थ ठरला असता.

देणगी कोठून सुरू व्हावी

समाजाच्या औदार्यातून चालणाऱ्या दवाखान्यांत आणि तपासणी केंद्रांत पुढील काही वर्षांत या यंत्रांविषयी प्रस्ताव येतील. विक्रेते येतील, पडद्यावर रंगीत चित्रे दाखवतील. दात्यालाही यंत्र देणे आवडते. ते दिसते आणि त्यावर नावाची पाटी लावता येते. फॉर्मॅलिनच्या बाटलीवर मात्र आजवर कोणी पाटी लावलेली नाही.

आणि बहुतेक चुकांचा उगम त्या बाटलीतच असतो. तुकड्याच्या किमान दहापट द्रावण हवे, ते ठरावीक सामर्थ्याचे हवे आणि तुकडा तासाभराच्या आत त्यात पडायला हवा. स्तनाच्या तुकड्यासाठी त्यात राहण्याची मुदत सहा ते बहात्तर तासांची मानली जाते. प्रत्यक्षात तुकडा कधी सलाईनमध्ये येतो, कधी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला येतो, कधी सुटीच्या दिवशी तसाच पडून राहतो. एकदा पेशी कुजल्या, की मग सूक्ष्मदर्शक असो वा संगणक, कोणालाही त्या वाचता येत नाहीत. खराब काचपट्टीचे उत्तम चित्र हे खराब चित्रच असते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम चांगल्या बाटल्या, चांगले द्रावण आणि नमुना लवकर पोहोचवण्याची सोय. मग तंत्रज्ञाचे प्रशिक्षण आणि त्याला टिकवून ठेवील असे वेतन. मग स्कॅनर आणि मोठ्या केंद्राशी दुसऱ्या मतासाठी जोडणी. अल्गोरिदम त्यानंतर. आणि तो घेण्यापूर्वी विश्वस्तांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. हे यंत्र कोणत्या रुग्णांच्या काचपट्ट्यांवर तपासले गेले, आणि इथल्या निदान झालेल्या शंभर-दोनशे जुन्या काचपट्ट्यांवर ते आधी चालवून दाखवाल काय? रुग्णांची चित्रे कोठे साठवली जातील आणि त्यांच्यापासून पुढे कोणी काही शिकवणार असेल तर रुग्णाची संमती घेतली जाईल काय? पाचव्या वर्षी त्याचा खर्च किती येईल? आणि यंत्र चुकले तर उत्तरदायी कोण?

हे प्रश्न केवळ सावधगिरीचे नाहीत. २०२३ साली देशात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शेवटच्या प्रश्नाची दिशा त्याआधीच स्पष्ट झाली होती. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी असावी, हा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात मान्य केला. स्वाक्षरी म्हणजे कागदावरील शाई नव्हे. "हे मी पाहिले आहे आणि याचे उत्तर मी देईन" असे वचन तिच्यात असते. संगणक निष्कर्ष देऊ शकतो, असे वचन देऊ शकत नाही.

श्रोतेहो, येत्या काळात अहवाल लवकर येतील. लहान गावातील रुग्णाची काचपट्टी मोठ्या केंद्रातील तज्ज्ञ त्याच दिवशी पाहतील, घाईत निसटणारा लहानसा पुंजका यंत्र दाखवून देईल, मोजणीतील मतभेद कमी होतील. आठ दिवसांची वाट दोन-तीन दिवसांवर आली, तर त्या घराला किती आधार मिळेल हे वेगळे सांगायला नको. हे सारे स्वागतार्ह आहे. पण त्या कागदाच्या तळाशी एका जबाबदार माणसाचे नाव राहिले पाहिजे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा तुकडा पहिल्या तासापासून जपलेला असला पाहिजे. संस्थेने पुढील पन्नास वर्षांत आरोग्यसेवेच्या क्षेत्रात जे काही करायचे ठरवले असेल, त्यात पाटी नसलेल्या या दोन कामांनाही स्थान मिळावे, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे संपते.